पॅराशूटचा आकार दुप्पट केला, पण वेग निम्मा होत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. माझी आठवीतली मुलगी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पॅराशूटचा प्रयोग करीत आहे. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांचे २०, ३० आणि ४० सेंटिमीटर बाजूचे चौकोन कापून, चारही टोकांना शिवणाचा दोरा बांधून, खाली तेच लोखंडी वायसर लटकवून ती आमच्या सोलापूरच्या घराच्या गच्चीवरून सोडते.

छत्री उघडल्यावर हवेचा विरोध वजनाइतका झाला की वेग स्थिरावतो आणि हा वेग क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे बाजू दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट आणि वेग निम्मा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो तेवढा कमी होत नाही. मोठ्या छत्रीचे वजनही चौपट होते, हे कारण उघड आहे. शिवाय ती उघडायला वेळ घेते, एक कड आत दुमडते आणि मग सगळे पॅराशूट एका बाजूला झोके घेत उतरते. (उन्हाने हवा विरळ होते खरी, पण त्यामुळे वेगात दोन-चार टक्क्यांहून अधिक फरक पडत नाही, तेव्हा सोलापूरच्या उन्हाला बोल लावण्यात अर्थ नाही.)

झोके थांबवण्यासाठी मध्यभागी भोक पाडावे असे वाचले आहे; ४० सेंटिमीटरच्या छत्रीला ते केवढे असावे? दोरे छत्रीच्या बाजूच्या किती पट लांब ठेवावेत? आणि वेग स्थिरावल्यानंतरचाच भाग मोजायचा, तर मोबाईलच्या चित्रीकरणावरून वेळ कशी काढावी? हा प्रयोग मुलांकडून करून घेतलेल्या शिक्षकांनी कृपया सविस्तर सांगावे.