स्वीडन पहिला, आपण ६३ वे : ही शर्यत बरोबरीची आहे का?

पर्वतीपायथा
परवा आमच्या सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या सोलरचा ठराव आला. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे, एवढ्यापुरताच. मी विरोध केला (खर्च, गळकी गच्ची, नेहमीचंच), तर एका तरुण सभासदाने मोबाइल नाचवत ऐकवलं, "वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२४ च्या ऊर्जा संक्रमण निर्देशांकात (कोळसा-तेल सोडून स्वच्छ ऊर्जेकडे कोण किती सरकलं, त्याची क्रमवारी) १२० देशांत आपण ६३ वे. स्वीडन पहिला. तुमच्यासारख्यांमुळे!"

माझ्या गच्चीमुळे देश ६३ वा आला हे मानायला मी तयार नाही. स्वीडनची लोकसंख्या सुमारे १ कोटी, म्हणजे आपला पुणे जिल्हा. त्यांची ४० टक्क्यांच्या आसपास वीज नद्याच देतात. नॉर्वेत हाच आकडा ९० च्या घरात. आइसलँडला जमिनीतून वाफ आयती. वर नॉर्वे समुद्रातलं तेल आणि गॅस जगाला विकतो, आणि त्याचा धूर मात्र विकत घेणाऱ्याच्या खात्यात. म्हणजे गळ्यात तुळशीची माळ आणि बाजारात मटणाचं दुकान. आपल्याकडे दरडोई कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकेत १४ च्या आसपास. तरी मान खाली आपण घालायची?

गणिताची बाई
साफ असहमत. नद्या नशिबाने मिळतात, धोरण नाही. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला, तेव्हा हा विषय आपल्याकडे कुणाच्या गावीही नव्हता. डेन्मार्क तर पोळपाटासारखा सपाट, जलविद्युत जवळजवळ नाहीच. १९७३ च्या तेलसंकटात पुरता पोळला आणि पवनचक्क्यांच्या मागे लागला. आज निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर. फ्रान्सने १९७४ मध्ये अणुवीज घ्यायची ठरवली आणि पुढच्या १५-२० वर्षांत उभी करून दाखवली. यात भूगोल कुठे आला?

आता आपलं. जुलै २०२५ मध्ये विजेची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म (म्हणजे कोळसा, तेल, गॅस सोडून) झाली म्हणून पेढे वाटले. वाटावेतच, उद्दिष्ट २०३० चं होतं. पण क्षमता म्हणजे पातेलं, निर्मिती म्हणजे त्यातलं दूध. सोलरचं पातेलं रात्री रिकामंच असतं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या वर आहे. दरडोई २ टनांमागेही आपला संयम किती आणि गरिबी किती, हे एकदा तपासा.

तिरकस
डेन्मार्कचं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो : वारा पडला की ते शेजारच्या नॉर्वे-स्वीडनकडून वीज घेतात. शेजारी चांगला असला की वाटीभर साखर कधीही मिळते. आपले शेजारी बघा. आणि घरगुती विजेचे दर २०२५ मध्ये डेन्मार्क-जर्मनीत युरोपातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी होते. तो दर लावला तर पहिल्या महिन्यात पेठेत मोर्चा निघेल.

मुळशीखोरं
जलविद्युत म्हणजे आयतं पुण्य असं पर्वतीपायथा यांनी सुरुवातीला लिहिलंय, ते खटकलं. सेनापती बापट रस्त्यावरून रोज जाता ना? बापट 'सेनापती' झाले ते मुळशी सत्याग्रहामुळे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उभे राहिले. तरी धरण झालंच. आमच्या खोऱ्यातलं पाणी कोकणात भिऱ्याला उतरतं आणि त्याची वीज मुंबईला. कार्बनच्या हिशेबात ही वीज एकदम स्वच्छ. बुडालेली गावं कुठल्या रकान्यात लिहायची, ते गणिताच्या बाईंनी सांगावं.

गणिताची बाई
रास्त आहे. रकाना नाही. पण मग कोळशाच्या राखेखाली गेलेल्या शेतांचाही रकाना काढू, चालेल?

धायरीचा वायरमन
तुमचं जग चालू द्या, मी गच्चीवरचं सांगतो. गेली काही वर्षं पॅनेल बसवतोय. सगळ्यात जास्त फोन येतात गुरुवारी, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात त्या दिवशी. "अहो, लाइट गेलीये, ऊन रणरणतंय, वर सोलर आहे, मग लिफ्ट बंद का?" प्रत्येकाला तेच सांगतो : बॅटरी नसलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज बाहेरच्या वाहिनीशी जोडणारं यंत्र) वाहिनीतला पुरवठा गेला की स्वतःहून बंद होतो. मुद्दामच तसा केलेला असतो, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल. एक आजोबा ऐकेनात, मला गच्चीवर नेऊन पॅनेलवर हात ठेवायला लावला. "बघ, तापलंय ना? मग वीज कुठे जाते?" जात कुठेच नाही आजोबा, तयारच होत नाही.

किलोवॉटला दिवसाला ४ युनिट धरा, पावसाळ्यात कमी. तुम्ही स्वीडनवर भांडताय. मला विचाराल तर आधी गुरुवार मोजा.

पर्वतीपायथा
वायरमनदादा, हे सभेत कुणीच सांगितलं नव्हतं. सोलर लावला की लिफ्टच्या जनरेटरची कटकट जाईल, असं गृहीत धरूनच तर तो तरुण भांडत होता.

बाई, पातेल्याचा मुद्दा मान्य. फ्रान्सचाही. नॉर्वेच्या माळेबद्दल मात्र मी एक शब्द मागे घेणार नाही.

ठरावाचं म्हणाल, तर पीएम सूर्यघर या केंद्राच्या गच्चीवरच्या सोलरच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, हे आज वाचलं. रविवारी पुन्हा सभा आहे. वायरमनदादा, १० किलोवॉटला जागा किती लागते? आणि गळकी गच्ची आधी दुरुस्त करायची की नंतर?

धायरीचा वायरमन
आधी. नंतर केलीत तर सगळा सांगाडा उचलावा लागेल. जागा साधारण हजार चौरस फूट, सावली नसलेली. टाकीची सावली दुपारी तीनला कुठे पडते ते बघून कळवा.