कार्यांचं वर्ष आणि रिकाम्या खोल्या : तुमच्या घरचं सांगा

आमचं २०२५ साल सगळं कार्यांतच गेलं. फेब्रुवारीत सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन, मेमध्ये लेकीचं लग्न, आणि लग्नाची भांडी परत जातात न जातात तोच धाकट्याच्या प्रवेशाची धांदल. 'जोसा'च्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशांच्या, सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला घरात 'फ्रीझ करायचं की फ्लोट', म्हणजे मिळालेली जागा पक्की करायची की आणखी चांगलीची वाट बघायची, यावर खल, आणि सासऱ्यांचा एकच प्रश्न, "म्हणजे मिळालं की नाही मिळालं?" शेवटी सुरतकलचं एनआयटी मिळालं. मत्स्यगंधा एक्स्प्रेसनं जाऊन त्याला पोचवून आलो.

सहस्रचंद्रदर्शनाची एक गंमत सांगते. हजार पौर्णिमा भरायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात, म्हणून हे ८१व्या वर्षात करतात. सासरे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी अधिक महिन्यांसकट स्वतः हिशोब मांडला, गुरुजींनी काढलेला दिवस 'चंद्र कमी भरतायत' म्हणून नाकारला आणि तारीख पुढे ढकलायला लावली. हॉलवाल्याला काय कारण सांगायचं हा प्रश्न आमच्यावर सोडला.

त्या वर्षात एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. लग्नाला केळवण आहे, घाणा आहे, ग्रहमख आहे, निघताना झाल आहे. साठीला शांत, पंच्याहत्तरीला पंच्याहत्तर दिव्यांचं औक्षण. कोणी काय करायचं, कधी रडायचं, सगळं ठरलेलं. पण मुलगा बॅग घेऊन होस्टेलला निघतो तेव्हा हातावर दही ठेवण्यापलीकडे आपल्याकडे काही नाही. खरं तर होतं. मुंज म्हणजे मुलानं घर सोडून गुरूकडे जाण्याचाच विधी. मातृभोजन हे आईच्या पानातलं शेवटचं जेवण, मग भिक्षावळ, आणि शिक्षण संपवून परतला की सोडमुंज. आता बटू संध्याकाळी आपल्याच गाडीतून घरी येतो आणि आलेली पाकिटं मोजतो. जाणं पुढे दहा-बारा वर्षांनी होतं, एखाद्या मंगळवारी, रिक्षा खाली थांबलेली असताना.

तुमच्याकडे असं भरगच्च वर्ष आलं असेल तर लिहा. कौतुकाचं, कटकटीचं, खर्चाचं, काहीही चालेल.

नाशिकहून

आमच्याकडे वडिलांची पंच्याहत्तरी आणि मुलाचं जर्मनीला जाणं एकाच महिन्यात आलं. वडिलांची पेढेतुला करायची हे भावाच्या डोक्यातलं. मी म्हटलं, माणूस अडुसष्ट किलोंचा, एवढे पेढे खाणार कोण? शेवटी धान्यतुला करून ते धान्य एका आश्रमशाळेला दिलं आणि भावाच्या समाधानासाठी वरच्या थरात थोडे पेढे ठेवले. वडील पारड्यात बसले तेव्हा काटा हलेना. गव्हाचं आणखी एक पोतं आणावं लागलं. आई म्हणाली, "मी सांगत होते, साखर कमी करा."

दुसऱ्या खोलीत मुलाची कागदपत्रं पसरलेली. शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, विद्यापीठाचं पत्र, आणि ब्लॉक खात्यात वर्षभराचे ११,९०४ युरो. ते तिथे गेल्यावर महिन्याला ९९२च हातात येतात. आमच्या घरात पेपर आला की आधी राशिभविष्य वाचायची पद्धत, ती जाऊन आधी युरोचा भाव.

मग बॅगेचं वजन. भावानं आणलेला स्प्रिंगचा काटा हातात धरून दोघं उभे, तिसरा आकडा वाचतोय. एकाच महिन्यात घरात दोन तुला झाल्या. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, छोटा कुकर हे बसलं. तूप आणि पेढे काढावे लागले, कारण बाहेरच्या देशांतून दूधदुभत्याचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. वडिलांना हे पटेना. "माझ्या तुलेचा पेढा नातवाला चालत नाही, असला कसला देश?" तो डबा आम्ही मुंबईला विमानतळापर्यंत बरोबर नेला आणि बाहेर ट्रॉल्यांच्या गर्दीत उभं राहून सगळ्यांनी मिळून संपवला. शेजारच्या एका अनोळखी कुटुंबालाही वाटला. त्यांची मुलगी कॅनडाला निघाली होती. त्यांनी आम्हाला ठेपले दिले.

कोल्हापूरहून

ताई, विधी नाही असं नका म्हणू. आमच्यात आता परदेशी निघालेल्याचीही केळवणं होतात. भाचा निघाला तर रोज एक घर. सगळीकडे श्रीखंड-पुरी नाहीतर तांबडा-पांढरा. जाताना बॅग वजनात बसली, जीन्स बसेना.

बीड जिल्ह्यातून

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वर सगळ्यांनी मुलं घर सोडून जातात असं लिहिलंय. आमच्याकडे उलटं आहे. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला जातात, मुलं मागं राहतात.

एक घर सांगतो. मोठ्या मुलाचं लग्न एप्रिलात झालं. आमच्याकडे लग्नं तेव्हाच, कारण साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, माणसं गावात येतात. लग्नाला पैसा मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्याकडून, घेतलेल्या उचलीतून. उचल म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आधीच घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा. म्हणजे पोराचं लग्न झालं की घरात सून येते आणि हिशोबात पुरा कोयता येतो. मांडवातच मुकादम बसलेला होता, आहेर घेऊन.

१३ मे २०२५ला दहावीचा निकाल लागला. त्याच घरातली मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. घरातलं दहावी झालेलं हे पहिलं माणूस. पेढे वाटले, मलाही आणून दिले. अकरावीचे प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. कॉलेजचा पसंतीक्रम भरायला तिचा बाप आणि मी तालुक्याच्या नेट कॅफेत बसलो, बाप दर दोन मिनिटांनी विचारायचा की पैसे आत्ता भरायचे की नंतर. कॉलेज मिळालं, शिकवणी उशिरा सुरू झाली, आणि ती रुळते न रुळते तोवर दसरा आला. ट्रॅक्टर आला, दोन्ही जोड्या गेल्या. घरात राहिल्या आजी, ही, आणि पाचवीतला भाऊ.

त्या भावाचं नाव मी गावातल्या हंगामी वसतिगृहात घातलंय, त्यामुळे दोन वेळचं जेवण तिथं होतं. ती सकाळी एसटीनं कॉलेजला जाते, आल्यावर आजीचं बघते, म्हशीचं बघते. दिवाळीला आईबाप तोडीवरच होते. फोनवर बोलले. तिनं आजीला ओवाळलं, भावाला ओवाळलं. सोळा वर्षांची पोर घर चालवते, पण ह्याला गावात कुणी काही वेगळं समजत नाही. मार्चमध्ये परीक्षा असेल तेव्हाही आईबाप आलेले असतीलच असं नाही.

परभणीहून

सरांचं वाचून लिहावं वाटलं. आमचं पोरगं सहावीला नवोदयला लागलं. वय अकरा. परीक्षेला तालुक्यातून कितीतरी पोरं बसली होती, आमच्या गावातून हे एकटंच लागलं. शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

त्याच साली आमचं घर बांधून झालं. दोन खोल्यांचं होतं, त्याला तिसरी काढली, का तर पोराला अभ्यासाला जागा पाहिजे. वास्तूच्या दिवशी सगळी भावकी जेवायला. पाहुणे त्या खोलीत डोकावून म्हणायचे, साहेबाची खोली. त्या खोलीला रंग लागायच्या आत साहेब वसतिगृहात. आता तिथं सोयाबीनच्या थैल्या आहेत.

नेताना पत्र्याची पेटी घेतली, बाजारातल्या पेंटरकडून तिच्यावर नाव घालून घेतलं. पोरानं सांगितलं, नावापुढे वडिलांचं नाव पण पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कुणाची होईल. सोडून निघालो तेव्हा ते रडलं नाही, त्याला खेळायला पोरं मिळाली होती. बायको बसस्टँडपर्यंत गप्प. तिथं उसाचा रस घेतला तेव्हा म्हणाली, "गादी पातळ आहे." पुढच्या भेटीला गोधडी नेली.

अजून एक आहे. नवोदयात नववीच्या ३० टक्के पोरांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, आपली पोरं हिंदी मुलखात आणि तिकडची इकडं. ह्याचा नंबर लागेल का माहीत नाही. माझ्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.

पुण्याहून

माझी मुलगी एकतीस वर्षांची. लग्न केलेलं नाही. मागच्या वर्षी तिनं स्वतःच्या कर्जावर फ्लॅट घेतला, आमच्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट असते, ती मिळाल्याचं तिनं मला पगारवाढ झाल्यासारखं सांगितलं.

ती लग्न करून गेली असती तर मला कोणी काही विचारलं नसतं. आता सगळे विचारतात. "भांडण झालं का?" "तुमच्याच घरात काय कमी होतं?" एका मावशींनी तर हळूच विचारलं, तिथे आणखी कोणी राहतं का. वास्तुशांतीला पूजेला दांपत्य हवं म्हणून पहिल्या गुरुजींनी तुम्ही दोघं बसा म्हटलं. ती म्हणाली, हप्ते मी भरणार आणि संकल्पात नाव बाबांचं? दुसरे गुरुजी मिळाले, ते म्हणाले गणेशपूजन आणि उदकशांत करू, ताई एकट्या बसतील. तसं झालं. दूध उतू घातलं, ते नव्या हॉबवर घातल्याने बर्नर बंद पडला.

मी तिची ओटी भरली. माहेरहून सासरी जाताना भरतात, मग स्वतःच्या घरी जाताना का नाही? माझ्या जाऊबाईंना ते विचित्र वाटलं. वाटू दे.

न्यू जर्सीहून

इथे उलट 'जाण्याचा' सोहळा केवढा! जूनमध्ये शाळेचं ग्रॅज्युएशन, टोप्या हवेत, घरोघरी अंगणात पार्ट्या. ऑगस्टमध्ये डॉर्मवर सोडायला गेलं की कॉलेजच्या पत्रकात पालकांनी किती वाजता निघायचं तेही छापलेलं. नवरा अजून टेबलफॅन जोडत होता आणि लेकीची रूममेट नम्रपणे घड्याळ बघत होती.

त्याच उन्हाळ्यात धाकट्याची मुंज लावली, कारण आईबाबा भारतातून आले होते आणि सहा महिन्यांत परत जायचे होते. बाबांना पार्टी आणि मुंज यात फरक दिसला नाही. "दोन्हीत पाकिटंच," म्हणाले. आई मात्र डॉर्मच्या पार्किंगमध्ये दह्याचा डबा घेऊन उभी. ग्रीक योगर्ट होतं ते, तिला घट्ट लागलं म्हणून पसंत पडलं.

फोंड्याहून

आमचा मुलगा क्रूझवर. काँट्रॅक्ट कधी सुरू होईल ते कंपनीच्या हातात, त्यामुळे बहिणीचं लग्न त्याच्या सुट्टीप्रमाणे ठरवलं. मुहूर्त नंतर शोधला. पण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, हलवता येत नाही. गेल्या वर्षी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानातली फळंफुलं, बांधायला तो नव्हता, नव्या जावयाला शिडीवर चढवलं. त्याला रानातल्या फळांची नावं ठाऊक नाहीत, जे हाती येईल ते बांधत गेला. छान दिसली तरीही.

सोलापूरहून

ज्यांच्या मुलींची लग्नं गेल्या एक-दोन वर्षांत झाली त्यांच्यासाठी एक कामाचं. यंदा, २०२६ला, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे जावयाचं पहिलं वाण यंदाच. मागचा अधिक श्रावण २०२३चा होता, तेव्हा मी थोरल्या जावयाला हैदराबादला तेहतीस अनारसे कुरिअरनं पाठवले. पोचला तो चुरा. जावई चांगला, त्यानं दुधात घालून खाल्ला आणि छान झालेत म्हणून फोन केला. धाकटी आता बेंगळुरूला आहे. तिच्याकडे बत्तासेच पाठवणार, डब्यात खाली-वर कापूस घालून. निरांजन मात्र मीच नेऊन देईन. त्या निमित्तानं तिची खोली बघून होईल, तिथे पंखा आवाज करतो म्हणत होती.