सुरक्षा रक्षकाच्या कामासाठी शिकाऊ उमेदवारी धरावी का?

प्रश्न (पाचोरा)
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण बारावी उत्तीर्ण असून पोलीस भरतीची तयारी करत होती. परंतु महिलांसाठी लागणाऱ्या १५५ सेंमी उंचीला ती थोडक्यात कमी पडते. जळगावची एक सुरक्षा एजन्सी तिला वर्षभर शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायला तयार आहे. वर्षभर गेटवर उभे करतील आणि मग घरी पाठवतील, अशी आईवडिलांना धास्ती आहे. तिला मात्र पुढे सुपरवायझर व्हायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (भुसावळ, माजी सैनिक)
दादा, उंचीची चिंता नको. खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ खालील केंद्राच्या आदर्श नियमांत महिला रक्षकासाठी १५० सेंमी उंची पुरते. त्याच नियमांत १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवरचे प्रशिक्षण सांगितले आहे, आणि त्यात आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, इतकेच नव्हे तर स्वसंरक्षणाचा हक्क व एफआयआर नोंदवण्याची पद्धतही येते. हे कोण आणि कुठे शिकवणार, हे एजन्सीला आधी विचारा.

आईवडिलांची धास्ती रास्त आहे. मी एका जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात त्या कारखान्यात) सुरक्षा पाहतो. गाठींची गाडी बाहेर निघताना चलनावरचा आकडा आणि गाडीतल्या गाठी जुळल्याशिवाय गेटपासवर सही करायची नाही, हे एका दिवसात सांगता येते. पण रुईच्या गाठीला लागलेली आग ज्वाळा न दाखवता आतल्या आत धुमसते, आणि रात्रीच्या फेरीत तो जळका वास वेळीच ओळखणे जाणत्या माणसाबरोबर फिरल्याशिवाय येत नाही. म्हणून पहिले काही महिने अनुभवी रक्षकाच्या जोडीने पाळी मिळणार असेल तरच होकार द्या. पहिल्याच आठवड्यात एकटीला उभे करणार असतील, तर ती उमेदवारी नव्हे, कमी पैशांतली ड्यूटी आहे.

उत्तर (धुळे, आयटीआय निदेशक)
करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला जाणार आहे का, हे पाहा आणि त्याची प्रत घ्या. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. शिवाय करारात तसे लिहिलेले नसेल, तर मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. विद्यावेतन, मुदत आणि पुढील नोकरी या गोष्टी तोंडी ठेवू नका. गणवेशाच्या किंवा अनामतीच्या नावाखाली पैसे मागत असतील, तर तिथूनच परत फिरा. एजन्सीकडे परवाना आहे का, हेही विचारा. तो नसेल तर पुढचे काही बोलण्यात अर्थ नाही.

उत्तर (नंदुरबार, रुग्णालयातील महिला सुरक्षा सुपरवायझर)
दादा, बहिणीला जरूर येऊ द्या. महिलांची झडती महिलेनेच घ्यायची असते, त्यामुळे रुग्णालये आणि वसतिगृहांत आमची गरज कायम असते. सुपरवायझर व्हायचे असेल तर तिने आतापासून लिहायला शिकावे. रात्री दोन वाजता नातेवाईकांची वादावादी झाली, तर कोण आले, काय बोलले, कोणाला कळवले, हे वेळेसह नोंदवहीत उतरवता आले पाहिजे. ज्याची नोंद स्वच्छ असते, त्याच्याकडेच पुढे पाळीचा चार्ज येतो. रात्रपाळीला ने-आणीची सोय कोण करणार, हे मात्र करारावर सही करण्यापूर्वी ठरवून घ्या.