सीमेवर मुलं तोडली ती क्रूरता, मग बालकल्याण खातं नेतं ते काय?

सडेतोड: २०१८मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवर मुलं आईबापांपासून तोडली, जगभर ओरड झाली. कोर्टाच्या हुकुमानंतर सरकारने पहिल्यांदा मोजली ती २,७३७. त्याच वर्षी त्याच देशात बालकल्याण खात्याने अडीच लाखांहून जास्त मुलं फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आईबापांपासून काढून सरकारच्या देखरेखीखाली दुसरीकडे, नेली. साठ टक्क्यांहून अधिक केसेसमध्ये नोंदवलेल्या कारणांत 'नेग्लेक्ट', म्हणजे हयगय. त्यात कापलेली वीज बसते, पाळणाघर परवडत नाही म्हणून घरी एकटं ठेवलेलं पोरही बसतं. तेव्हा गळा काढणारे इथे गप्प का?

कलमवाला: आकडे बरोबर, तुलना चूक. बालकल्याणात त्या घराविरुद्ध काहीतरी आरोप लागतो. तातडीने नेलं तरी बहुतेक राज्यांत दोन-तीन दिवसांत न्यायाधीशासमोर यावं लागतं, आणि मूल घरीच राहावं म्हणून वाजवी प्रयत्न केले का, हे १९८०च्या कायद्यामुळे तपासलं जातं. सीमेवर 'ही आई धोकादायक' असं कुणी म्हटलंच नव्हतं. चोरून सीमा ओलांडणं हा पहिल्या खेपेला जास्तीत जास्त सहा महिने शिक्षेचा किरकोळ गुन्हा. त्यात आईवर खटला भरला की ती मार्शलच्या, म्हणजे कैदी सांभाळणाऱ्या केंद्रीय पोलिसांच्या, ताब्यात, म्हणून मूल कागदावर 'एकटं आलेलं', म्हणून ७२ तासांत त्याची रवानगी निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे. खटला कित्येकदा एका सकाळीच उरकायचा, भोगलेली कोठडी हीच शिक्षा. आई परत येते तर मूल दुसऱ्या राज्यात!

सडेतोड: सुनावणीचं कौतुक पुरे. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९८१च्या लॅसिटर निकालाप्रमाणे पालकत्व कायमचं तोडतानाही पालकाला सरकारी खर्चाने वकील मिळेलच असं नाही. आता बहुतेक राज्यं देतात, पण अशिलाची नि त्याची पहिली भेट बरेचदा कोर्टाच्या व्हरांड्यात. वर १९९७चा कायदा: मूल २२पैकी १५ महिने फॉस्टरमध्ये असलं की, काही अपवाद सोडता, राज्याने पालकत्व रद्द करायचा अर्ज टाकायचाच. व्यसनमुक्ती केंद्रात जागा नाही, स्वस्त घराची रांग हलत नाही, तरी महिने मोजले जातातच. सीमेवरच्या बहुतेकांना मुलं परत तरी मिळाली.

काठावरचा: अर्थतज्ज्ञ जोसेफ डॉयल यांचा इलिनॉयमधल्या मुलांवरचा २००७चा अभ्यास इथे आठवावा. न्यावं की ठेवावं अशा काठावरच्या केसेसमध्ये, जरा मोठ्या वयाची जी मुलं घरी राहिली त्यांचं पुढे बरं झालं. मात्र हाड मोडलेल्या तान्ह्या बाळाला हा निष्कर्ष लावू नका.

कलमवाला: वकिलाचं मान्य, १५/२२चा नियम मलाही जाचक वाटतो. पण 'परत मिळाली' ती कशी? न्या. डेना सब्रॉ यांनी २६ जून २०१८ला हुकूम काढला: पाच वर्षांखालची १४ दिवसांत, बाकीची ३० दिवसांत आईबापांकडे द्या. तेव्हा कळलं की पकडणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्याच नाहीत. याद्या हाताने जुळवल्या, डीएनए तपासले. चारशेहून जास्त पालक तोवर मुलांविना देशाबाहेर गेलेले. फॉस्टरच्या मुलाला निदान केस नंबर असतो, भेटीचा वार ठरलेला असतो. शिवाय हेतू बघा. लोकांनी येऊ नये म्हणून ताटातूट करायचा विचार आहे, हे गृहसुरक्षा मंत्री जॉन केली मार्च २०१७मध्ये टीव्हीवरच बोलले होते.

सडेतोड: हेतूने पोराचं रडणं कमी होत नाही. आणि हुकुमानंतरचं का गाळता? मुलाला धोका असेल तर वेगळं करायची मुभा राहिली, तिच्या आडून ताटातूट चालूच. जुलै २०१९मध्ये नागरी हक्क संघटनेने कोर्टात मांडलेल्या प्रकरणांत एक बाप होता. वर्षाच्या मुलीला ओल्या डायपरमध्ये झोपू दिलं, एवढ्यावरून मुलगी काढून घेतली. हीच तुमची हयगय, फक्त वर्दीतली.

कलमवाला: माझाच मुद्दा मांडलात. ओला डायपर बघून निर्णय केला तो गस्तीच्या शिपायाने, बालकल्याणाचं प्रशिक्षण नसताना. तीन दिवसांत ते तपासणारा न्यायाधीशही नव्हता.

सडेतोड: प्रशिक्षितांनी नेलेली अडीच लाख.