सातवीची मराठी उजळणी: अलंकार, वाक्प्रचार आणि 'तुमचे मत लिहा'

देवगडची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय. अलंकारांच्या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवते पण कवितेची ओळ समोर ठेवली की उपमा कुठली नि उत्प्रेक्षा कुठली सांगता येत नाही. वाक्प्रचाराचा अर्थ येतो, वाक्यात उपयोग करा म्हटलं की वाक्प्रचारच गायब. आणि 'तुमचे मत लिहा' असा निबंध आला की चार ओळींत खेळ खलास, शेवटी 'म्हणून मला असे वाटते'. जवळपास क्लास नाही, घरीच घ्यायचंय. सुरुवात कुठून करू?

मास्तर_रत्नागिरी:
ताई, व्याख्या आता बाजूला ठेवा. एकच वाक्य घ्या आणि तेच फिरवत राहा. 'खाडीचं पाणी आरशासारखं नितळ आहे' ही उपमा. 'खाडीचं पाणी म्हणजे जणू आरसाच' झाली उत्प्रेक्षा. 'हे पाणी नव्हे, हा तर आरसा' अपन्हुती, 'आरशाहूनही नितळ पाणी' व्यतिरेक (हे दोन पुढच्या वर्गांत येतात, पण ओघात कळले तर बरंच). आणि 'खाडी आज रुसून बसलीय' ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते असं दाखवणं. पहिल्या चारांत पाणी उपमेय (ज्याची तुलना करतो ते), आरसा उपमान (ज्याच्याशी तुलना करतो ते), नितळपणा हा साधारण धर्म (दोघांत सारखा असलेला गुण, काही वाक्यांत तो न सांगता धरलेला असतो), हे तिला बोट ठेवून दाखवू दे. मग दुसरं वाक्य तिचं तिला बनवू दे, तिथेच खरं कळतं डोक्यात शिरलंय की नाही. फक्त 'सारखा' दिसला की उपमा असं शिकवू नका हां, 'बाळ सारखं रडतं' यात कसली उपमा, तुलना कोणाची कोणाशी चाललीय ते आधी विचारायचं.

मालवणी_चेडू:
ताई, माका विचारशात तर वाक्प्रचार घरातल्या गोष्टींत घाला. 'कंबर कसणे' असेल तर 'चतुर्थीआधी घर रंगवायला सगळ्यांनी कंबर कसली'. पोरं काय करतात, 'सगळ्यांनी जोरात तयारी केली' असं लिहितात, म्हणजे अर्थच लिहिला, मार्क गेले. शब्दसंग्रहाला उपसर्ग धरा, गैरहजर गैरसमज गैरसोय, बेफिकीर बेसावध बेजबाबदार, असे झुपकेच्या झुपके येतात, सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा खूप बरं.

दाभोळकडचा:
निबंधाला विषय तिच्या ओळखीचा द्या. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, 'ही बंदी योग्य की अयोग्य' हेच घ्या. दावा: बंदी योग्य आहे. कारण: बऱ्याच माशांचा हा अंडी घालायचा काळ. पुरावा म्हणून बंदराबाहेर दिसतं तेच लिहू दे, पावसात दर्या कसा खवळतो, बोटी किनाऱ्यावर शाकारून का ठेवतात. नंतर प्रतिवाद, म्हणजे समोरचा काय म्हणेल: 'खलाशाची दोन महिन्यांची रोजी बुडते'. मग खंडन: अंडी घालायच्या आधीच मासा उपसला तर पुढच्या हंगामात जाळ्यात येणार काय? रोजीसाठी सरकारने मदत द्यावी, ही मागणीसुद्धा तिथेच लिहायची. बघा, चार ओळींचा निबंध आपोआप पानभर होतो.

देवगडची_आई:
हे फारच कामाचं आहे, सगळ्यांचे मनापासून आभार. पण दादा, विरुद्ध बाजू आपणच लिहिली तर आपला मुद्दा लंगडा नाही का पडत?

मास्तर_रत्नागिरी:
उलट पक्का होतो ताई. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचे, तोही समोरच्याच्या तोंडून शोभेल इतका नीट, आणि मगच उत्तरपक्ष, म्हणजे त्यावरचं आपलं उत्तर. ती खलाशाचं दुःख अर्ध्या ओळीत उरकेल तर खंडनाला वजनच येणार नाही. फक्त जागा सांभाळा, प्रतिवाद मधल्या परिच्छेदात हवा. शेवटी टाकला की तपासणाऱ्याच्या डोक्यात समोरच्याचंच म्हणणं राहतं.