बीएमएक्स : ‘हँग फाइव्ह’ करताना पुढच्या चाकावरचा तोल टिकत नाही, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला राहतो आणि काही महिन्यांपासून वीस इंची चाकांच्या बीएमएक्स या छोट्या, मजबूत सायकलवर फ्लॅटलँड प्रकारातील, म्हणजे सपाट जमिनीवर करायच्या, कसरती शिकत आहे. सध्या सगळा सराव ‘हँग फाइव्ह’ या एकाच कसरतीचा चालू आहे. चालत्या सायकलवर एक पाय पुढच्या चाकाच्या पेगवर (आसाच्या टोकाला बसवलेल्या, पाय ठेवायच्या दांडीवर) ठेवायचा, दुसरा पेडलवरून सोडून मोकळा लोंबता ठेवायचा, आणि मागचे चाक उचलून केवळ पुढच्या चाकावर तोल सांभाळत पुढे जात राहायचे, असे तिचे स्वरूप आहे.

मी उजवा पाय उजव्या पेगवर ठेवतो, हात सरळ करून हँडल पुढे रेटतो आणि डावा पाय पुढे झोकतो. मागचे चाक आता विनासायास उचलले जाते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दोन-तीन मीटर सायकल व्यवस्थित जाते, मग हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागते आणि ते सावरायला गेलो की एक तर मागचे चाक धप्पकन खाली येते, नाही तर मला हँडलवरून पुढे उडी टाकून उतरावे लागते. वेग जितका कमी, तितकी ही थरथर जास्त.

या थरथरीचे कारण मी असे लावले आहे की मागचे चाक वर गेल्यावर संपूर्ण सायकल पुढे कलते, चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) अधिक उभा होतो आणि पुढच्या चाकाला आपोआप सरळ राहायला लावणारा ‘ट्रेल’, म्हणजे हँडल ज्या अक्षाभोवती वळते त्याची रेषा जमिनीला मिळते तिथपासून चाक टेकते त्या बिंदूपर्यंतचे मागचे अंतर, कमी होतो. फ्लॅटलँडच्या सायकलींना पुढे बाक नसलेला, म्हणजे शून्य ऑफसेटचा फोर्क बसवतात, तोही ट्रेल वाढावा म्हणूनच असावा. माझी सायकल स्ट्रीट प्रकारची, म्हणजे रस्त्यावरचे कठडे-पायऱ्या यांवरील कसरतींसाठीची, आहे आणि तिच्या फोर्कला चांगला बाक आहे. तेव्हा पहिला प्रश्न असा, की अशा फोर्कवर ही कसरत नीट बसू शकते का, की सरावाने सुटणार नाही अशी ही अडचण आहे?

दुसरा प्रश्न ब्रेकचा आहे आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. पुढचा ब्रेक हलकेच दाबला की खाली येऊ लागलेले मागचे चाक पुन्हा वर जाते, हे मी अनुभवले आहे. परंतु ब्रेक एकाच बाजूची चूक सुधारतो. शरीर पुढे जास्त गेले असेल, तर ब्रेक सोडण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. तेथे कंबरच मागे न्यावी लागते. शिवाय प्रत्येक दाबाबरोबर वेग घटतो आणि वेग घटला की थरथर वाढते. १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथील फ्लॅटलँड खेळाडू केव्हिन जोन्स आणि त्याच्या सोबत्यांनी चालत्या सायकलवरच्या कसरतींना जे वळण दिले, त्यानंतर अनेक फ्लॅटलँड खेळाडूंनी ब्रेक काढूनच टाकले. म्हणून मला वाटते की सुरुवातीपासूनच ब्रेकवरचे बोट काढून कंबर आणि मोकळा पाय यांनीच तोल साधायला शिकावे. ज्यांनी ही कसरत प्रत्यक्ष साधली आहे, त्यांना हे पटते का?

तिसरी बाब मोकळ्या पायाची. तो सतत पुढे ताठ ठेवायचा, की लंबकासारखा पुढे-मागे हलवत राहायचा? चित्रफिती मी बारकाईने पाहिल्या, पण त्या बहुधा बाजूने घेतलेल्या असतात आणि त्यांत खांदे व हँडल यांची सूक्ष्म हालचाल दिसतच नाही. कोणी समोरून चित्रण केले असेल तर कृपया येथे द्यावे.

सराव गुळगुळीत सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानावर, हेल्मेट आणि नडगीचे पॅड घालून करतो. पुढच्या टायरमध्ये हवा कडक भरलेली असते. नाशिक किंवा पुण्याच्या आसपास कोणी फ्लॅटलँड करत असेल, तर एखाद्या रविवारी सायकल घेऊन तिकडे येण्याची माझी तयारी आहे.