शब्दचर्चा: जन्माआधीच्या ‘मूलपेशी प्रत्यारोपणा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (मिरज)

नमस्कार मंडळी. थॅलेसेमिया (रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या पालकांची सांगलीत बैठक आहे. तिथल्या माहितीपत्रकात एक परिच्छेद हवाय: बाळ पोटात असतानाच त्याला रक्ताच्या स्टेम सेल देण्याच्या संशोधनावर. शास्त्रीय लेखांच्या वळणाने लिहिलं तर ‘गर्भाशयांतर्गत रक्तजनक मूलपेशी प्रत्यारोपण’ असं होतं. ते वाचून एका आजींनी विचारलं, ‘‘म्हणजे मुलाच्या पेशी काढून घेणार का हो?’’ पेशी तर आईच्या असतात आणि बाळाला दिल्या जातात. नेमकं उलटं पोचलं. यातला एकेक शब्द तपासून द्याल का?

सातारा

ताई, घोटाळा ‘मूल’ने केलाय. संस्कृतातलं ‘मूल’ म्हणजे मुळं. मराठी वाचणाऱ्याला आधी लेकरू दिसतं. त्याला आपला शब्द आहेच, ‘मूळ’. ‘मूळपेशी’ लिहा, एका अक्षराने काम होतं. काही पुस्तकांत ‘स्कंधपेशी’ असतं, पण ‘स्कंध’ म्हटलं की लोकांना खांदा आठवतो. आणि ‘रक्तजनक’ऐवजी सरळ ‘रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी’. लांब झालं तरी चालेल, पालकांना कळतं.

‘भ्रूण’ कुठे आला असेल तर तोही काढा. आपल्याकडे तो शब्द ‘हत्या’ला इतका चिकटलाय की एकटा वाचवत नाही.

कराड

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ‘भ्रूण’ शास्त्रानेही चूकच. पहिले सुमारे आठ आठवडे भ्रूण, पुढे गर्भ. हे काम चालतं अठराव्या ते पंचविसाव्या आठवड्यात.

‘प्रत्यारोपण’ मात्र मला खुपतं. जन्मानंतरच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये आधी केमोथेरपी देऊन रुग्णाची स्वतःची हाडांतली मज्जा रिकामी करतात, मग नव्या पेशी देतात. गर्भाच्या बाबतीत काही रिकामं करत नाहीत. सोनोग्राफीत बघत नाळेतल्या शिरेत सुई घालतात आणि आईच्या मज्जेतून घेतलेल्या पेशी सोडतात. अल्फा थॅलेसेमिया मेजर असलेल्या गर्भाला रक्त द्यावंच लागतं, त्याच वेळी त्याच वाटेने पेशीही जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. टिपी मॅकेन्झी यांच्या गटाची मानवी चाचणी २०१७ मध्ये सुरू झाली, ती अशीच.

आईच्याच पेशी का, हेही लिहा. गर्भात आईच्या थोड्या पेशी एरवीही येत असतात आणि गर्भ त्या चालवून घेतो. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की परक्याच्या पेशी दिल्या तर त्यांना हुसकावण्यात गर्भापेक्षा आईच्याच टी-पेशींचा (परक्या पेशी ओळखून त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा) वाटा मोठा असतो. पेशी आईच्या असतील तर तो विरोध उरत नाही. याला वैद्यकात ‘टॉलरन्स’ म्हणतात. ‘सहनशीलता’ मला पटत नाही, त्यात सोसणं आहे. इथे शरीर सोसत नाही, आपलं मानतं.

फलटण

या ‘आपलं मानण्या’चा पहिला धागा गोठ्यात सापडलाय. गाईला पाडा आणि कालवड अशी जुळी झाली की ती कालवड बहुधा वांझ निघते, हे आमच्याकडे दूधवाल्या घरात पोरालाही ठाऊक असतं. पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्याने तसं होतं. रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवलं की अशा जुळ्यांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही टिकून असतात. पुढे १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी उंदरांच्या गर्भात परक्या पेशी घातल्या. त्या उंदरांनी मोठेपणी त्याच जातकुळीच्या उंदराची कातडी स्वीकारली. मेडावार यांना १९६० चं नोबेल बर्नेट यांच्यासोबत मिळालं.

सातारा

डॉक्टर, ‘प्रत्यारोपण’ नको तर नुसतं ‘रोपण’?

कराड

नको. ‘गर्भात रोपण’ म्हटलं की लोक टेस्ट ट्यूब बेबीकडे वळतील.

पलूस

आपण ‘रक्त चढवलं’, ‘प्लेटलेट चढवल्या’ म्हणतो, तर ‘पेशी चढवल्या’ का नको? पण चढवणं वेगळं, टिकणं वेगळं. द्राक्षात डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधलं म्हणजे बाग झाली असं नाही, कलम जगावं लागतं. त्या दुसऱ्या टप्प्याला ‘पेशी रुजल्या’ म्हणा.

कराड

‘रुजल्या’ फारच चांगलं! सगळी मेख तिथेच आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत डॉ. ॲलन फ्लेक यांच्या गटाने एका गर्भाला वडिलांच्या मज्जेतल्या पेशी दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्या बाळाला जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार होता, स्वतःच्या टी-पेशी बनतच नव्हत्या. जागा मोकळी होती, म्हणून पेशी रुजल्या. थॅलेसेमियात गर्भाच्या स्वतःच्या मूळपेशी जोमात असतात, नव्यांना जागा मिळत नाही.

प्रश्नकर्ती (मिरज)

सगळ्यांचे आभार. असा मसुदा केलाय: ‘आईच्या हाडातल्या मज्जेतून रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी घेऊन त्या पोटातल्या बाळाला नाळेवाटे चढवतात. त्या रुजल्या तर बाळाचं शरीर त्यांना आपलं मानतं. थॅलेसेमियावर या उपचाराचं संशोधन सुरू आहे.’

कराड

पहिली दोन वाक्यं तशीच ठेवा. तिसऱ्यात ‘अल्फा थॅलेसेमिया मेजर’ असं पूर्ण नाव हवं आणि ‘उपचार’च्या जागी ‘चाचणी’. तुमच्या बैठकीला येणाऱ्या घरांत बहुतेक बीटा थॅलेसेमिया असेल. अल्फा आणि बीटा ही हिमोग्लोबिनमधल्या साखळ्यांची नावं; जी साखळी नीट बनत नाही, तिचं नाव आजाराला. गर्भाच्या हिमोग्लोबिनला बीटा साखळी लागत नाही, म्हणून ते बाळ पोटात ठणठणीत असतं आणि त्रास जन्मानंतर काही महिन्यांनी सुरू होतो. अल्फा साखळी मात्र पोटातच लागते. ती नसली की गर्भाच्या अंगात पाणी भरतं, हृदय थकतं, बरीच बाळं जन्माआधीच जातात. चाचणीसाठी अल्फा निवडला गेला तो यामुळे. हा फरक लिहिला नाही तर एखादी आई पुढच्या गरोदरपणात या उपचाराची वाट बघत बसेल आणि आज हाताशी असलेली तपासणी राहून जाईल. म्हणून त्याच परिच्छेदाखाली घाला: नवरा-बायको दोघेही वाहक (स्वतःला आजार नसला तरी त्याचं जनुक अंगात असलेले) असतील तर गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते, त्यासाठी दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना भेटा.